म्हशीचा बिल्ला आणि गार सूप

बँकेत असताना मी लिहिलेलं पहिलं प्रवासवर्णन म्हणजे टी. ए. बिल. कुठून निघालात, किती वाजता, कोणत्या वाहनानं, किती किलोमीटर, मुक्काम कुठे, जेवणाचे किती. सगळं रकान्यांत भरायचं आणि खाली सही ठोकायची. त्यात 'रमणीय' हा शब्द लिहायला जागाच नसे. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा एका समीक्षकानं माझ्या भाषेच्या कोरडेपणाचं खापर या बिलांवर फोडलं. फोडो बापडा. रकाने भरण्याची ती सवय पुढे फार कामाला आली.

बँकवाल्यांच्या आणि सरकारी नोकरांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येई, ती म्हणजे एलटीसी. या प्रवास-सवलतीनं मराठी मध्यमवर्ग काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हिंडवला आणि परत आल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांच्या हाती पेन दिलं. दर दिवाळीनंतर आमच्या शाखेत कोणीतरी फुलस्केप कागदांची चळत माझ्या टेबलावर आणून ठेवी. 'पहाटे पाचला गाडी आली. सामान चढवलं. खिडकीतून निसर्गाची मुक्त उधळण पाहत आम्ही...' ही उधळण काश्मीरची असो की केरळची, शब्द तेच. दोन लेखांतली गावांची नावं आपसात बदलली असती तरी लेखकाखेरीज कोणाच्या लक्षात आलं नसतं.

आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण ती चळत काही थांबलेली नाही. माझ्यासारखेच निवृत्त झालेले येतात, चांगली चालती नोकरी सोडून जग बघायला निघालेली पंचविशीतली मुलं-मुलीही येतात. प्रश्न एकच. 'काका, प्रवासवर्णन लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू?' त्यांना बहुधा प्रकाशकाचं नाव हवं असतं, नाहीतर एखाद्या संपादकाचा नंबर. मी म्हणतो, 'घरी एक गार सूप करा. मग ते कसं केलं, ते मला लिहून दाखवा.' चेहरे पडतात. म्हातारा चेष्टा करतोय असंही काहींना वाटत असावं.

चेष्टा नाही. पण ते समजण्यासाठी आधी म्हशीकडे जायला हवं.

१९८०च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेखाली बँका दुभत्या जनावरांसाठी कर्जं देत. सरकारचं अनुदान, बँकेचं कर्ज, जनावराचा विमा, आणि विम्याची खूण म्हणून म्हशीच्या कानात एक बिल्ला. आम्हा अधिकाऱ्यांना गावोगाव जाऊन कर्जाची म्हैस जागेवर आहे की नाही ते पाहावं लागे. अहवालात 'म्हैस पाहिली' एवढं लिहून भागत नसे. म्हैस तर गावात कोणाचीही दाखवता येते! कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहावा लागे. त्यासाठी गोठ्यात शिरायचं, शेणात बूट भरवायचे, म्हशीच्या मालकाला तिचं डोकं धरायला सांगायचं आणि कानापाशी डोळे न्यायचे. त्या दोन मिनिटांत घरात दूध किती निघतं, पेंड उधारीवर येते की रोखीनं, म्हशीची निगा घरधनी राखतो की घरधनीण, हे सगळं न विचारता कळून जाई.

आपली बहुतेक प्रवासवर्णनं 'म्हैस पाहिली' या जातीची असतात. बिल्ल्याचा नंबर कोणी लिहीत नाही. खाण्याच्या बाबतीत तर नाहीच नाही. 'तिथल्या स्थानिक पदार्थांचा मनमुराद आस्वाद घेतला.' संपलं! कसले पदार्थ, कशाचे, कोणी केले, का केले, काही नाही.

गार सूप मी मुद्दाम निवडतो. एक तर त्याला स्वयंपाकाचं फारसं कसब लागत नाही. दुसरं म्हणजे ते जिथलं आहे तिथल्या हवेशी, पिकाशी आणि कष्टाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं, की नीट लिहायला गेलात तर तो मुलूख लिहावाच लागतो. (सूप म्हटलं की माझ्या आजीला पाखडायचं सूप आठवे. होतकरू लेखकाला तेही जवळ असलेलं बरं.)

गाझपाचोच घ्या. हल्ली आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांतही हे नाव यादीत दिसतं. उंच ग्लासात लालसर काहीतरी येतं आणि बिल पाहून घाम फुटतो. हा पदार्थ मूळचा दक्षिण स्पेनमधल्या अँदालुसियाचा. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीच्या वर जातो. ऑलिव्हच्या बागांत आणि शेतात राबणाऱ्या मजुरांचं हे दुपारचं खाणं. शिळा पाव, लसूण, मीठ, ऑलिव्हचं तेल, थोडा शिरका आणि पाणी, एवढंच खलात कुटून केलेलं. टोमॅटो त्यात नव्हताच. तो असणार तरी कसा? १४९२ साली कोलंबस त्याच अँदालुसियातल्या बंदरातून निघाला आणि त्यानंतरच्या शतकात अमेरिका खंडातून टोमॅटो आणि मिरची स्पेनमध्ये उतरली. त्यांना तिथल्या गरिबाच्या खलात जागा मिळायलाही पुष्कळ काळ जावा लागला. टोमॅटोच्या आधीच्या काळाची आठवण मालागाच्या बाजूला अजून शिल्लक आहे. तिथे बदाम, पाव, लसूण, तेल आणि शिरका वाटून पांढरं गार सूप करतात, वर द्राक्षं टाकतात. नाव आहोब्लांको, म्हणजे सरळ 'पांढरा लसूण'. एका वाडग्यात एवढा इतिहास असताना आपण मनमुराद आस्वाद घेऊन मोकळे होतो.

नोकरीतून सुटल्यावर आम्ही दोघं कोर्दोबाला गेलो होतो. दुपारी अडीचची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरांच्या खिडक्या बंद. एका गल्लीतल्या लहानशा खाणावळीत आमच्यापुढे साल्मोरेहो आलं. हे गाझपाचोचं कोर्दोबातलं चुलत भावंड. काकडी नाही, ढोबळी मिरची नाही. टोमॅटो, पाव, लसूण, तेल, मीठ. इतकं दाट की पिता येत नाही, चमच्यानंच खावं लागतं. वर उकडलेल्या अंड्याचे आणि खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे. माझी पत्नी शाकाहारी, तिनं हातानं खुणा करून वरचं काही नको असं सांगितलं. मालकीणबाई हसल्या आणि तिच्यापुढे नुसता वाडगा ठेवून त्यावर तेलाची धार सोडली. पत्नीनं पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, 'अहो, यात पाव आहे. कालचा.' पदार्थाचं मर्म तिनं एका वाक्यात सांगितलं. ताजा पाव चिकट होतो, शिळा पाव पाणी आणि तेल पिऊन घेतो. शिळं अन्न टाकायचं नाही म्हणून जन्मलेला हा पदार्थ आहे. आपल्या फोडणीच्या पोळीसारखाच.

आता हे घरी करून पाहा. चौघांसाठी पाऊण किलो लालभडक, पिकलेले टोमॅटो, एक लहान काकडी सोलून, अर्धी हिरवी ढोबळी मिरची, गावठी लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, कालच्या पावाची एक स्लाइस पाण्यात भिजवून पिळलेली, पाव वाटी ऑलिव्ह तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि मीठ. तेल सोडून बाकी सारं मिक्सरमध्ये फिरवा. मग मिक्सर चालू ठेवून तेलाची बारीक धार सोडा. लाल रंग हळूहळू केशरी होत जाईल. तो झाला की तेल आणि रस एकजीव झाले असं समजा. गाळणीतून गाळा आणि तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. बर्फ घालू नका, पाणचट होतं. वाढण्याआधी पुन्हा चव घ्या, कारण गारव्यानं जिभेला मीठ कमी लागतं. करताना बेताचं वाटलेलं मीठ वाढताना अळणी लागू शकतं. आपला आंबट देशी टोमॅटो असेल तर व्हिनेगर अर्ध्यावर आणा. ऑलिव्हऐवजी घाण्याचं शेंगदाणा तेल घालून पाहायला हरकत नाही, पण मग सगळं चटणीच्या वाटेला जातं. ते वाईट लागत नाही, मात्र त्याला गाझपाचो म्हणू नये.

पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी हे प्यायलात की अँदालुसियातला मजूर सावलीत बसून हे का खात असेल, ते पोटाला कळतं. आणि मग लिहायला बसा. 'टोमॅटो' लिहिताना कोणता टोमॅटो हे आठवेल. 'गार' लिहिताना किती गार, हा प्रश्न पडेल. आपल्या शब्दांवर विसंबून परक्या गावातल्या परक्या बाईनं हे सूप करायला घेतलं तर तिचं साहित्य वाया जाईल की काय, ही जी धास्ती वाटते, ती लिहिणाऱ्याला फार हितकारक. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० पासून ही जबाबदारी पेलली. वाटी आणि चमचा या मापांवर लग्न होऊन दूरदेशी गेलेल्या मुलींनी संसार उभे केले. परमुलखात उपयोगी पडणारं पुस्तक, हा प्रवाससाहित्याचा निकष मानला तर 'रुचिरा' पहिल्या रांगेत बसेल. ग्रंथपालांनी ती पाकशास्त्राच्या कपाटात ठेवली आहे, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

'किती गार' यावरून सोलकढी आठवली. ती आपली, कोकणची आणि गोव्याची. आठ-दहा आमसुलं अर्धा तास कोमट पाण्यात, एका नारळाचं दूध, लसणीची एक-दोन पाकळी, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर. शहरातली हॉटेलं हल्ली ती फ्रीजमधून काढून देतात आणि वर पांढरे कण तरंगताना दिसले की गिऱ्हाईक म्हणतं नासली. ती नासलेली नसते. खोबऱ्याचं तेल चोवीस अंशांच्या आसपासच गोठतं, मग फ्रीजमध्ये नारळाच्या दुधातला स्निग्धांश गोळा होऊन वर आला तर नवल काय? सोलकढी माठातल्या पाण्याइतकी गार असावी, ही खुद्द नारळाचीच अट आहे. आपल्या भाषेत 'गार' आणि 'थंड' हे दोन शब्द आहेत. माठातलं पाणी गार आणि फ्रीजमधलं थंड, असा फरक आमच्या आईच्या पिढीच्या बोलण्यात पाळला जाई. प्रवासाला निघणाऱ्यानं कॅमेऱ्याबरोबर असे शब्दही पिशवीत टाकावेत. नारळाशिवाय नुसत्या कोकमाच्या पाण्याचं तिवळ करतात, तेही करून पाहा. जिथे नारळ विकून मीठ-मिरची आणायची असे, त्या घरात रोज काय केलं जात असेल, असा प्रश्न ते पिताना पडला तर लेखाला सुरुवात झाली म्हणायची.

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण थोर प्रवासवर्णनं काही स्वयंपाकघरात लिहिली गेली नाहीत. नाहीच. पण ती ऐषआरामातही लिहिली गेली नाहीत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते निसर्गाची उधळण पाहायला नव्हे. घरावर कर्ज होतं, बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा चांगली मिळेल असं कानावर आलं होतं. वाटेत बंड उसळलं, झाशीचा वेढा डोळ्यांदेखत पाहावा लागला आणि परत येताना आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. हे सारं त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहिलं आणि १९०७ साली 'माझा प्रवास' छापून आलं. कर्ज फेडायला निघालेल्या माणसाची नजर त्या पुस्तकात आहे, म्हणून ते आजही वाचवतं. आम्हा बँकवाल्यांना तर ते विशेष कळतं. पु. ल. देशपांडे इंग्लंडला गेले ते दूरदर्शन-माध्यमाच्या प्रशिक्षणासाठी. 'अपूर्वाई'तला माणूस घर बरोबर घेऊन हिंडतो, चहा आणि जेवण यांवाचून अडतो आणि त्या अडण्यातून परका देश दिसू लागतो. मीना प्रभु पेशानं डॉक्टर होत्या. यांच्यापैकी प्रत्येकाचं मूळ काम दुसरंच होतं, आणि त्या कामानं नजर आधीच घडवली होती. तेव्हा नोकरी सोडून 'पूर्णवेळ प्रवासलेखक' होण्याची घाई करणाऱ्यांना मी जरा थांबवतोच.

थांबवण्याचं आणखी एक कारण पैशाचं आहे, आणि ते स्पष्ट बोललेलं बरं. मराठीत लिहून प्रवासाचा खर्च निघत नाही. पूर्वीही निघत नव्हता. माझ्या पहिल्या लेखाचे चाळीस रुपये मनीऑर्डरनं आले आणि त्यातले काही पोस्टमनला चहाला गेले. ही दरी हल्ली कोण भरून काढतं? पर्यटन कंपन्या, हॉटेलं, कुठल्या कुठल्या देशांची पर्यटन खाती. तिकीट त्यांचं, खोली त्यांची, सूपही त्यांचंच. परत येऊन तुम्ही 'मालकांचं अगत्य' लिहायचं. अशा एका कंपनीनं मलाही पत्र पाठवलं होतं. मजकूर अदबशीर होता, फक्त शेवटच्या ओळीत लेख छापण्याआधी 'एकवार नजरेखालून' घालण्याची विनंती होती. मी नम्रपणे नाही म्हटलं. कर्जदाराच्या घरी जेवायचं नाही, हा आमच्या नोकरीतला अलिखित नियम होता. म्हशीच्या मालकाच्या घरचं दूध पिऊन बिल्ल्याचा नंबर तपासणं जड जातं. तरुण मंडळींना हा नियम जुनाट वाटतो, कारण फुकटच्या सहलीखेरीज त्यांना आत शिरायला दारच दिसत नाही. त्यांची अडचण खोटी नाही. म्हणून तर म्हणतो, ज्या प्रवासाला तिकीटच लागत नाही तिथून सुरुवात करा.

आपल्याच जिल्ह्यातलं, सातशे शब्दांचं, एका पदार्थावरचं किंवा एका बाजारावरचं टिपण लिहा. जिल्ह्याच्या आवृत्तीला पाठवा. दिवाळी अंकाला द्यायचं तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच संपादकांना पत्र टाका, गणपतीनंतर पाठवून उपयोग नसतो. पत्रात आपण किती देश पाहिले ते लिहू नका. लेखात काय आहे ते चार ओळींत लिहा. उत्तर आलं नाही तर दुसरा लेख लिहा, फोन करू नका. यापलीकडे या धंद्यात गुपित असं काही नाही. फोनमध्ये फोटो निघतात, आता वर्णन कोण वाचणार, असंही मला ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्यांनी फोटोवरून मीठ किती ते सांगावं.

आणि जिल्ह्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं म्हणणाऱ्यांना मी १९८९ च्या डिसेंबरातली वेळ अमावास्या सांगतो. तेव्हा मी लातूर जिल्ह्यात होतो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात, सगळा गाव शेतात. ज्वारी पुरुषभर उंच उभी असते, कडब्याची कोप करून त्यात पांडव मांडतात, पूजा होते आणि मग भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील. शेतातून जाणाऱ्या कोणालाही हाक मारून बसवायचं, ओळखदेख विचारायची नाही. मला एका दुपारी चार शेतांत बसवलं होतं, त्यातलं एक थकबाकीदाराचं होतं. आता नियमाचं काय करायचं? त्या दिवशी तो हाक मारणारा होता आणि मी वाटसरू. बसलो. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक, त्यात लसूण, जिरं, मीठ. गार, किंचित आंबट, पोटात उतरताना जाणवणारं. कोर्दोबातल्या त्या बाईंना हे वाढलं असतं तर त्यांना फार समजावून सांगावं लागलं नसतं: पाव नाही तर ज्वारी, शिरका नाही तर ताक, उन्हातलं काम तेच. स्पेनच्या गार सुपावर इंग्रजीत पुस्तकंच्या पुस्तकं मिळतात. आंबिलीवर नेमकं, मापासकट लिहिलेलं मराठीत किती आहे? ती करणाऱ्या बायका ऐंशीच्या घरात गेल्या, त्यांच्या सुनांच्या घरी त्या दिवशी डबा बाहेरून येऊ लागला आहे. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या जुन्या शाखेतल्या लोकांच्या घरी गेल्या काही वर्षांत पाहिलेलं सांगतो आहे.

गेल्या हिवाळ्यात उदगीरकडच्या एका मुलीचा लेख माझ्याकडे आला. तिला व्हिएतनामवर लिहायचं होतं, मी नेहमीप्रमाणे सूप सांगितलं होतं. तिनं आजीची आंबील लिहून पाठवली. चांगली लिहिली होती, फक्त एका जागी अडली होती. पीठ शिजताना किती वेळ हलवायचं असं विचारल्यावर आजी म्हणते, 'हाताला कळेस्तोवर.' मुलीनं समासात लिहिलं होतं, 'काका, हे असंच ठेवू का?' मी कळवलं, वाक्य ठेव, पण पुढच्या खेपेला घड्याळ घेऊन आजीशेजारी उभी राहा.

आठवड्यानं तिचं पत्र आलं. साडेसतरा मिनिटं. मधे आजी दोनदा खाली बसली, तेव्हा पळी हिच्या हातात होती, ती मिनिटं धरायची की नाही, असं तिनं विचारलं आहे.